टॉवर खरंच अपग्रेड झाला का, हे कसं ओळखायचं? (नोंदी, चाचण्या, अनुभव)

तरंग

आठ महिने झाले, मी एकाच खिडकीतून एकाच टॉवरच्या नोंदी ठेवतोय. पहाटे, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास. सुरुवात झाली मोबाइल कंपनीच्या एका एसएमएसमुळे. तुमच्या भागातलं नेटवर्क आता अधिक वेगवान झालंय, असं त्यात होतं. मला फरक जाणवला नाही. पण फरक पडला नाही हे सिद्ध करायलासुद्धा माझ्याकडे आधीचा आकडा नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून ज्यांना हे करायचंय त्यांना एकच आग्रहाचं सांगणं: अपग्रेड व्हायच्या आधीपासून मोजायला लागा. नंतर घेतलेला आकडा कितीही सुंदर असला तरी तो कशाशी ताडून बघणार?

मोजायचं काय? स्पीड टेस्ट सगळ्यात शेवटी. आधी टॉवरची ओळख पटवायची. अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर टाका, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून फील्ड टेस्ट उघडा. तिथे एक लांबलचक सेल आयडी दिसेल. एलटीईमध्ये, म्हणजे ४जीत, हा आकडा २८ बिटांचा असतो: पहिले २० बिट टॉवरचे, म्हणजे ईनोडबीचे, आणि शेवटचे ८ त्याच्या सेलचे. त्यामुळे आकड्याला २५६ ने भागलं की भागाकार टॉवरचा नंबर आणि बाकी सेलचा नंबर. माझं उदाहरण: १२३४१७८१ भागिले २५६, टॉवर ४८२१०, सेल २१. बरीचशी ॲप हे स्वतःच करून दाखवतात, पण एकदा हाताने करून बघा, मग डोक्यात पक्कं बसतं.

दुसरा आकडा ईएआरएफसीएन, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा चॅनल नंबर. बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा ठरलेला पट्टा. बँड ३ मध्ये डाउनलोडचे चॅनल १२०० पासून सुरू होतात आणि १२०० म्हणजे १८०५ मेगाहर्ट्झ. पुढे प्रत्येक नंबराला ०.१ मेगाहर्ट्झ. म्हणजे १३०० दिसलं की १८१५ मेगाहर्ट्झ. नोंदींत नवा ईएआरएफसीएन उगवला, की टॉवरवर नवं काहीतरी लागलं. स्पीड टेस्टपेक्षा हा पुरावा मला कितीतरी मोलाचा वाटतो.

आता माझा प्रश्न. आधी या टॉवरवर ११, १२, १३ असे तीनच सेल होते, तिन्ही बँड ५ वर, रुंदी फक्त ५ मेगाहर्ट्झ. दीड महिन्यापूर्वी एका रात्री टॉवर काही तास बंद होता. सकाळी बघतो तर २१, २२, २३ असे नवे सेल, बँड ३ वर, २० मेगाहर्ट्झ! आनंदाने उडीच मारली. आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ८४, एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) १९. इतक्या चांगल्या सिग्नलला २० मेगाहर्ट्झवर १०० एमबीपीएस सहज मिळायला हवेत. मिळतात किती? ४०. पहाटे ४०, दुपारी ३९, रात्री ३८. महिनाभर हेच. कुठे चुकतंय?

नवशिकी

धागा आवडला. मी कालच नेटमॉन्स्टर टाकलं. एक शंका आहे. माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नल उणे ६२ दिसतो आणि ॲपमध्ये उणे ९२. इतका फरक कसा? ॲप चुकतंय का?

आकडेमोड

@नवशिकी, बहुधा दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या गोष्टी मोजताहेत. उणे ६२ हा आरएसएसआय असावा, म्हणजे त्या पूर्ण रुंदीत फोनला मिळणारी सगळी ऊर्जा: तुमचा टॉवर, शेजारचे टॉवर, गोंगाट, सगळं धरून. आरएसआरपी मात्र टॉवर जे ठरलेले संदर्भ-सिग्नल पाठवतो, त्यांची एका सबकॅरिअरपुरती, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या एका बारीक पट्टीपुरती, सरासरी. २० मेगाहर्ट्झच्या एलटीईत १२०० सबकॅरिअर असतात. १२०० पट म्हणजे साधारण ३१ डेसिबल. सेलवर भरपूर गर्दी असताना तुमच्या दोन आकड्यांमधली दरी साधारण तेवढीच यायची. नोंद ठेवायची ती आरएसआरपीची. उणे ८० च्या वर उत्तम, उणे १०० पर्यंत काम चालतं, उणे ११० च्या खाली रखडायला होतं. आणि लक्षात असू द्या, ३ डेसिबल म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. उणे ९२ चं उणे ८९ झालं तर ते 'थोडंसं' नसतं.

वरच्या दांड्यांकडे बघूच नका. किती डेसिबलला किती दांड्या, हे प्रत्येक फोन आपापल्या परीने ठरवतो.

@तरंग, तुमच्या प्रश्नावर विचार करतोय. रात्री सविस्तर लिहितो.

डोंगरवाट

मला स्पष्ट बोलायचंय. सेल आयडी, चॅनल, डेसिबल हे सगळं ठीक, पण माणसाला हवा असतो वेग. स्पीड टेस्ट लावली, आकडा वाढला तर अपग्रेड झालं, नाही तर नाही. बाकीचं कशाला?

तरंग

@डोंगरवाट, मीही आधी असंच म्हणायचो. पण स्पीड टेस्ट एकाच वेळी दहा गोष्टी मोजते आणि उत्तर एकच देते. सर्व्हर कुठला निवडला गेला, तेव्हा सेलवर किती लोक होते, फोन तापला होता का, मागे कुठलं ॲप अपडेट होत होतं, व्हीपीएन चालू राहिलं होतं का, सगळं त्या एका आकड्यात मिसळतं. माझ्या नोंदींत एकाच दिवशी एकाच खिडकीत ९ आणि ३१ असे दोन्ही आकडे आहेत, तेही अपग्रेडच्या आधी. ३१ वाल्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की अपग्रेड झालं.

स्पीड टेस्ट करूच नका असं नाही. पण सर्व्हर ठरवून एकच ठेवा, वेळ तीच, जागा तीच, फोन तोच. किमान तीनदा घ्या आणि मधला आकडा लिहा. मोठा आकडा लिहायचा मोह होतो, तो टाळा.

आकडेमोड

@तरंग, तुमच्या ४० बद्दल.

मला खटकलं ते वेगळंच. आकडा कमी आहे ते सोडा, तो *हलतच नाही*. सेलवर गर्दी असती तर पहाटे ९० आणि रात्री १५ असं दिसलं असतं. सिग्नलचा दोष असता तर तुम्ही खोलीत इकडून तिकडे गेलात की आकडा बदलला असता. तुमचा आकडा छताला टेकल्यासारखा ४० वर थांबतो. छत तीन ठिकाणी असू शकतं: तुमच्या सिमच्या प्लॅनमध्ये वेगाची मर्यादा, टेस्टचा सर्व्हर, किंवा टॉवरपासून मागे जाणारी जोडणी म्हणजे बॅकहॉल.

हे वेगळं काढायला एक सोपी चाचणी आहे. त्याच कंपनीचं सिम असलेला मित्र गाठा आणि त्याला टॉवरच्या *दुसऱ्या* बाजूला उभं करा, म्हणजे तो दुसऱ्या सेक्टरवर (दुसऱ्या दिशेच्या अँटेनावर) जाईल. तुम्ही २१ वर, तो २२ किंवा २३ वर. दोघांनी वेगवेगळे सर्व्हर निवडा. आधी एकेकट्याने टेस्ट करा, मग फोनवर बोलून एकाच क्षणी.

दोन सेक्टर हवेतलं एकमेकांचं काही वाटून घेत नाहीत, दोघांची रेडिओची क्षमता स्वतंत्र असते. मर्यादा प्लॅनची किंवा सर्व्हरची असेल तर एकाच वेळी केल्यावरही दोघांना चाळीस-चाळीस मिळतील. बॅकहॉल असेल तर चाळीस दोघांत वाटले जातील.

रात्रपाळी

@आकडेमोड, चाचणी अगदी बरोबर सुचवलीत. मी याच क्षेत्रात बरीच वर्षं रात्रीची कामं केली आहेत, म्हणून दोन शब्द.

टॉवरवर नवा रेडिओ चढवणारी माणसं वेगळी आणि मागची जोडणी वाढवणारी वेगळी. दोन्ही कामं एकाच आठवड्यात होतील असं अजिबात नाही. मागे मायक्रोवेव्हची लिंक असेल तर ती जुन्या छोट्या बँडच्या हिशेबाने बसवलेली असते. ५ मेगाहर्ट्झच्या तीन सेलना ती पुरायची. त्यावर २० मेगाहर्ट्झचे तीन सेल लादले की गळा आवळला जातो. फायबर येईपर्यंत किंवा लिंकची क्षमता वाढेपर्यंत असंच राहतं.

आणि टॉवर रात्री बंद होतो तो का, हेही सांगतो. अँटेना, केबल, रेडिओ बदलताना वीज काढावी लागते, आणि रात्री सगळ्यात कमी लोकांची गैरसोय होते. मध्यरात्रीनंतर दोन-चार तास सेल गायब झाला तर घाबरून तक्रार करू नका, सकाळी आधी ईएआरएफसीएन बघा. नवा सेल दिसूनही फोन त्यावर जात नसेल तर कदाचित तो अजून 'बार्ड' असेल, म्हणजे हवेत आहे पण ग्राहकांना दार बंद. तपासण्या संपल्या की उघडतात.

एक कळकळीची विनंती. टॉवरखाली काम चालू असेल तर लांबून बघा. कुंपणाच्या आत जाऊ नका, वर असलेल्या माणसाला हाका मारू नका. दोरावर लटकलेल्या माणसाचं लक्ष क्षणभर सुद्धा विचलित व्हायला नको.

तरंग

केली चाचणी!

मित्र टॉवरच्या पलीकडे, सेल २३ वर, त्याचा आरएसआरपी उणे ७९. टायमिंग ॲडव्हान्स (टॉवरपासूनचं अंतर सांगणारा आकडा) माझा ९ आणि त्याचा ४. एलटीईत एक पायरी साधारण ७८ मीटरची, म्हणजे मी सातशे मीटरवर, तो तीनशेवर. दोघं एकाच टॉवरवर आहोत याची खात्री नंबरावरूनही झाली आणि अंतरावरूनही.

एकेकटे: मला ४०, त्याला ४१.
एकाच वेळी: मला १९, त्याला २१.

पाच वेळा केलं. पाचही वेळा बेरीज चाळीसच्या आसपास. मला वाटलं नव्हतं की दोन साध्या फोनवरून, काहीही न उघडता, टॉवरच्या मागच्या तारेपर्यंत पोचता येईल. @आकडेमोड, मनापासून आभार.

डोंगरवाट

मान्य. हे स्पीड टेस्टचंच काम आहे, पण नुसत्या आकड्याने हे कळलं नसतं. शब्द मागे घेतो.

आता माझाही अनुभव लिहितो. डोंगरात माझ्याकडे एकच दांडी असते, आरएसआरपी उणे ११२ वगैरे, तरी फोन लागतो. खाली बँड ४० वर चार दांड्या आणि संध्याकाळी पान उघडत नाही. हे का, ते मला या धाग्यामुळे समजायला लागलंय. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे खालचे बँड लांब जातात, भिंतीतून शिरतात, पण रुंदी थोडी. २३०० च्या बँड ४० ला रुंदी भरपूर, पण पल्ला कमी.

आकडेमोड

@डोंगरवाट, संध्याकाळचं बघायचं असेल तर आरएसआरक्यू, म्हणजे सिग्नलचा दर्जा, नोंदवा. आरएसआरपी टॉवर रिकामा असो वा भरलेला, जवळपास तोच राहतो. आरएसआरक्यू मात्र गर्दीबरोबर घसरतो, कारण त्यात एकूण ऊर्जाही धरलेली असते. एकाच जागी बसून पहाटे उणे ७ आणि रात्री उणे १२ दिसला तर समजा, सिग्नल तोच आहे, टॉवरवर माणसं वाढली.

नवशिकी

माझ्याकडे वर ५जी दिसतं पण नेटमॉन्स्टरमध्ये फक्त एलटीईचेच सेल येतात. मी आता कुणावर विश्वास ठेवायचा?

रात्रपाळी

@नवशिकी, ॲपवर.

५जीच्या दोन तऱ्हा आहेत. ३जीपीपी या संस्थेने ५जीचं पहिलं मानक काढलं ते रिलीज १५. त्यातला नॉन-स्टँडअलोन भाग डिसेंबर २०१७ मध्ये आला आणि स्टँडअलोन जून २०१८ मध्ये. नॉन-स्टँडअलोनमध्ये फोनचा मुक्काम ४जीवरच असतो. त्या ४जी सेलला अँकर म्हणतात. डेटाची गरज पडली की अँकर ५जीची फ्रिक्वेन्सी जोडीला देतो, गरज संपली की काढून घेतो. अँकर आपल्या प्रसारणात एक खूण पाठवतो, इथे ५जी असू शकतं अशी. पुष्कळ फोन ती खूण दिसताच वर ५जी लिहून टाकतात, मग आसपास ५जीचा सिग्नल पोचत असो वा नसो.

म्हणून मोठी फाइल डाउनलोडला लावा आणि ती चालू असतानाच ॲप बघा. त्या वेळी एनआरची (५जीच्या रेडिओचं नाव) ओळ उमटली तर ५जी आहे. एलटीईत कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन (एकाहून जास्त बँड एकत्र जोडणं) तपासायलाही हाच मार्ग. फोन निवांत असताना दुसरा बँड जोडलेला दिसतच नाही, आणि मग लोक 'अग्रिगेशन नाही' असं लिहून मोकळे होतात.

तरीही दिसलं नाही तर फोन थंड होऊ द्या आणि पुन्हा बघा. तापल्यावर ५जी सोडून देणारे फोन आहेत.

तरंग

धागा खाली गेला होता, वर आणतोय, कारण कळवण्यासारखं घडलंय.

चाचणीनंतरही पाच आठवडे चाळीसचं छत तसंच होतं. गेल्या मंगळवारी पहाटेची नोंद: ११८. आधी वाटलं चूक झाली. तीनदा केलं: ११८, १२१, ११३. सेल तोच २१, आरएसआरपी तोच, एसआयएनआर तोच. हवेतलं काहीच बदललेलं नाही. पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) मात्र ४८ वरून २७ मिलिसेकंद झालं. आणि डाउनलोड चालू असताना पिंग आधी तीनशेच्या वर जायचं, ते आता नव्वदच्या आत राहतं. माझ्या मते या सगळ्यात मोठी सुधारणा हीच. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं बोलणं तुटायचं ते थांबलं, आणि त्याला ११८ लागत नव्हते.

मित्राला परत पलीकडे पाठवलं. एकाच वेळी: मला ११०, त्याला १३२.

नवे सेल दिसले त्या सकाळी मी 'अपग्रेड झालं' म्हणून उडी मारली होती. खरं तर तेव्हा निम्मंच झालं होतं. नोंदवहीत त्या दिवसापुढे आता 'रेडिओ' लिहिलंय आणि या मंगळवारपुढे 'बॅकहॉल'.

डोंगरवाट

अभिनंदन! इथेही एक बदल टिपलाय, ताडून बघा. खालच्या वस्तीत बँड १ चा सेल होता, ईएआरएफसीएन ३००, म्हणजे २१४० मेगाहर्ट्झ, रुंदी ५. त्याच सुमारास ३जी दिसेनासं झालं आणि आता त्याच बँडमध्ये रुंदी १० दिसते.

आकडेमोड

@डोंगरवाट, नेमकं टिपलंत. ३जीचा एक कॅरिअर ५ मेगाहर्ट्झ जागा घेतो. तो बंद करून जागा ४जीला दिली की तुमचे ५ चे १० होतात. याला रीफार्मिंग म्हणतात. नवा टॉवर नाही, नवी अँटेना नाही, तरी अपग्रेड. फक्त घरात कुणाचा व्हीओएलटीई (४जीवरून कॉल) नसलेला जुना फोन असेल तर त्याचे कॉल लागतात का, तेवढं आजच तपासा. ३जी गेल्यावर त्याला २जीच उरतं, आणि तेही नसेल तर काहीच नाही.

रात्रपाळी

सेलमॅपरवर नोंदी चढवणाऱ्यांसाठी थोडंसं. नकाशावरची टॉवरची खूण सुरुवातीला अंदाजाने पडलेली असते. स्वतः टॉवर पाहिला असेल आणि तिन्ही सेक्टर फिरून तपासले असतील, तरच ती हलवा. चुकीच्या जागी ठामपणे ठेवलेली खूण इतर सगळ्यांच्या नोंदी बिघडवते. आणि पडताळणीसाठी गाडी चालवत असाल तर फोन खिशात राहू द्या, ॲप पडद्याआड नोंदत राहतं. ज्या नोंदीत तुमचं घर आहे, तिची फाइल जशीच्या तशी कुठेही टाकू नका.

तरंग

ताजी नोंद, आज पहाटेची. डाउनलोड चालू असताना एनआरची ओळ उमटली. चॅनल ६४००००.

हिशेब असा: ३००० मेगाहर्ट्झच्या वर ५जीचे चॅनल ६००००० पासून सुरू होतात आणि प्रत्येक नंबराला ०.०१५ मेगाहर्ट्झ. ४०००० गुणिले ०.०१५ म्हणजे ६००. मिळून ३६०० मेगाहर्ट्झ, बँड एन७८. डाउनलोड थांबवलं, दहा-पंधरा सेकंदांत ओळ गेली. पुन्हा लावलं, पुन्हा आली. अँकर सेल २१ च.

दुपारी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेलो. लांबट अँटेनांच्या खाली आता बुटके, रुंद, चपटे तीन डबे आहेत. खिडकीत सिग्नल उणे ९७, गच्चीवर उणे ८१. आधी खिडकीतला आकडा बघून मन खट्टू झालं.

आकडेमोड

खट्टू होऊ नका! तो उणे ९७ एलटीईच्या उणे ९७ शेजारी ठेवता येत नाही. ५जीत मोजला जातो तो एसएसबी नावाचा संदर्भ-सिग्नल, तो टॉवर ठरावीक झोतांतून फिरवत सगळीकडे पाठवतो. त्या डब्यांत मॅसिव्ह मायमो (पुष्कळ छोट्या अँटेनांचा संच) असेल, तर डेटा येतो तो तुमच्या दिशेने जास्त नेमका वळवलेल्या झोतातून. त्यामुळे वेगळा रकाना करा. टॉवरचा नंबर काढायला २५६ ची युक्तीही इथे चालणार नाही. ५जीचा सेल आयडी ३६ बिटांचा, आणि त्यातले टॉवरचे बिट २२ ते ३२ पैकी किती घ्यायचे ते कंपनी ठरवते.

नवशिकी

मी सहा आठवडे नोंदी ठेवल्या. ७८१२३५४ भागिले २५६, टॉवर ३०५१७, सेल २. बँड ८, पहाटे आरएसआरक्यू उणे ८, रात्री उणे १३. काल रात्री दीड वाजता सेल गेला आणि साडेचारला परत आला. सकाळी तोच सेल, तोच चॅनल, पण यादीत त्याच टॉवरचा सेल १२ दिसतोय, ईएआरएफसीएन १५००. फोन काही केल्या त्यावर जात नाही.

रात्रपाळी

१८३५ मेगाहर्ट्झ, बँड ३. दार बंद असेल अजून. फोन विमान मोडवर टाकून रोज सकाळी एकदा परत आणा, आणि तो सेल १२ वर पहिल्यांदा गेला की तारीख लिहून ठेवा.